व्हेर्जेनचं रागाचं पत्र आणि फ्रँकलिनचं उत्तर (डिसेंबर १७८२): याला माफी म्हणायचं का?

रानजाई:

गेले दोन महिने एक नेम धरला आहे, रोज रात्री एक पत्र. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या तहासाठी १७८२ साली जी मंडळी पॅरिसमध्ये बसली होती, त्यांची पत्रं. एकमेकांना लिहिलेली, आपल्या सरकारला लिहिलेली, शत्रूलाही लिहिलेली. एप्रिलपासून सुरुवात केली आणि आता डिसेंबरात येऊन अडकले आहे.

ज्यांनी हे वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसनं शस्त्रं खाली ठेवली. मार्च १७८२ मध्ये लंडनला लॉर्ड नॉर्थचं सरकार गेलं. नव्या सरकारातल्या शेलबर्ननं रिचर्ड ऑस्वाल्ड नावाच्या म्हाताऱ्या स्कॉटिश व्यापाऱ्याला पॅरिसला, अमेरिकेचा तिथला वकील बेंजामिन फ्रँकलिन याच्याकडे पाठवलं. पुढे फ्रँकलिनच्या जोडीला अमेरिकेचे आणखी वकील: माद्रिदहून जॉन जे आले, ऑक्टोबरच्या शेवटी हॉलंडमधून जॉन अ‍ॅडम्स आले. ३० नोव्हेंबर १७८२ ला प्राथमिक कलमांवर सह्या झाल्या. फ्रान्सला न विचारता.

आणि फ्रान्स म्हणजे कोण, तर ज्याच्या पैशावर, सैन्यावर आणि आरमारावर हे युद्ध तगलं तो दोस्त! १७७८ च्या करारात लिहिलेलं होतं की एकानं दुसऱ्याच्या संमतीशिवाय इंग्लंडशी तह करायचा नाही. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या मध्यवर्ती सभेनं, जून १७८१ मध्ये आपल्या वकिलांना त्याहून कडक ताकीद दिली होती: फ्रान्सच्या मंत्र्यांना सगळं मोकळेपणानं सांगा, त्यांच्या माहितीशिवाय आणि संमतीशिवाय काही करू नका आणि शेवटी त्यांच्याच सल्ल्यानं चाला.

सह्या झाल्या, आणि १५ डिसेंबरला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन फ्रँकलिनला लिहितो की तुमच्या आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या वागण्याचा अर्थ लावायला मी असमर्थ आहे. तुम्ही शहाणे आहात, विवेकी आहात, जनरीत तुम्हाला पक्की ठाऊक आहे, आयुष्यभर तुम्ही आपली कर्तव्यं पार पाडलीत. मग राजाप्रति असलेलं कर्तव्य कसं पार पाडणार, याचा विचार करा.

दोन दिवसांनी, १७ तारखेला, फ्रँकलिनचं उत्तर जातं. ते मी पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा वरमला. पाचव्यांदा वाटलं, तो अजिबात वरमलेला नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: ही माफी आहे का? आणि या लोकांनी फ्रान्सशी दगा केला, असं तुम्ही म्हणाल का? मला खरंच ठरवता येत नाहीये आणि त्यामुळे पुढचं पत्र उघडवत नाही.


उदयन_प:

दगा. स्पष्ट सांगतो.

फ्रान्सनं नुसते पैसे दिले नाहीत. यॉर्कटाउनला रोशाँबोचं सैन्य होतं आणि द ग्रासच्या आरमारानं चेसापीक उपसागराचं तोंड अडवलं नसतं तर कॉर्नवॉलिस समुद्रातून निघून गेला असता. १६ जुलै १७८२ च्या करारात कर्जाचा हिशोब मांडला आहे: १ कोटी ८० लाख लिव्र (फ्रान्सचं तेव्हाचं नाणं). त्यातलं व्याजसुद्धा राजानं तह होईपर्यंतचं माफ केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तुम्ही त्या राजाच्या मंत्र्याला न सांगता शत्रूच्या बिऱ्हाडी जाऊन सह्या करता. आणि त्यानंतर दोन आठवड्यांत आणखी कर्ज मागता! व्हेर्जेनच्या पत्राला निमित्त काय घडलं ते पाहा. 'वॉशिंग्टन' हे जहाज सह्यांची बातमी घेऊन अमेरिकेला निघायचं होतं, त्याला इंग्लंडच्या राजाचा परवाना मिळालेला होता, आणि फ्रँकलिन कळवतो की याच जहाजातून पैशाचा काही भाग पाठवता आला तर बरं. वाचून कोणाचंही रक्त तापेल.

१९ डिसेंबरला व्हेर्जेननं फिलाडेल्फियातल्या आपल्या वकिलाला, ला ल्युझेर्नला, जे लिहिलं ते मला विसरता येत नाही. इथं जे आमच्या डोळ्यांदेखत घडलं त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा तर अमेरिकेसाठी आम्ही जे केलं त्याची परतफेड फार तोकडी होणार, असा त्याचा आशय आहे. फ्रान्सची तिजोरी त्या युद्धानं रिकामी झाली. पुढे १७८९ मध्ये तिथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.


कासव:

दग्याबद्दल मोठी माणसं बोलतील. मी फक्त एक गोष्ट सांगते, जी ही पत्रं वाचताना सतत मनात ठेवावी लागते, ती म्हणजे वेळ.

पॅरिस ते फिलाडेल्फिया पत्र जायला पाच ते दहा आठवडे, कधी त्याहून जास्त. एकच पत्र तीन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांतून पाठवायचे, कारण बरीच जहाजं पकडली जायची. पत्रांच्या थैलीला वजन बांधलेलं असायचं, शत्रूचं जहाज जवळ आलं की थैली समुद्रात. अमेरिकेचे वकील हेन्री लॉरेन्स १७८० मध्ये हॉलंडला निघाले होते तेव्हा त्यांनी हेच केलं, पण थैली बुडायच्या आत इंग्रज खलाशांनी ती गळ टाकून वर काढली. त्या कागदांच्या जोरावर इंग्लंडनं हॉलंडशी युद्ध पुकारलं आणि लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेले.

३० नोव्हेंबर १७८२ च्या सह्यांचे कागद फिलाडेल्फियात पोचले १२ मार्च १७८३ ला. शंभरावर दिवस. वरिष्ठांना विचारून ठरवतो, असं म्हणायची सोयच या माणसांना नव्हती. २० जानेवारीला फ्रान्स-इंग्लंडचीही प्राथमिक कलमं झाली, तरी त्याच युद्धातली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या कडलूरची आरमारी लढाई २० जूनला झाली, कारण बातमी तिथवर पोचलीच नव्हती. तिथं खलाशी मेले तेव्हा ते युद्ध पाच महिन्यांपूर्वीच संपलेलं होतं.


मसुदाकार:

रानजाई, तुमचा प्रश्न वाचून ते उत्तर पुन्हा काढलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. माझी सगळी नोकरी मसुदे लिहिण्यात गेली. करारपत्रं, खुलासे, नोटिसांची उत्तरं. ३१ वर्षं. माणूस पत्रात काय म्हणतो त्यापेक्षा तो काय लिहायचं टाळतो हे आधी बघायची सवय लागली आहे, तिचा इथं उपयोग होईल असं वाटतं.

आधी फ्रँकलिनचं उत्तर. त्यात एकच शब्द फ्रेंच आहे, 'बियांसेआंस'. जनरीत, शिष्टाचार, औचित्य. तो म्हणतो, सह्यांआधी तुम्हाला विचारलं नाही यात आमच्याकडून बियांसेआंसचा एक मुद्दा राहून गेला. बघा, आरोप कसला होता? कर्तव्यभंगाचा. कबुली कशाची दिली? शिष्टाचारातल्या चुकीची. मोठ्या आरोपाला लहान गुन्हा कबूल करून उत्तर देणं हे मसुदा लिहिणाऱ्याचं जुनं कसब आहे, आणि ७६ वर्षांच्या या माणसाइतक्या सफाईनं ते केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. वर तो शब्द व्हेर्जेनच्याच भाषेतला.

मग तो म्हणतो, फ्रान्सच्या हिताविरुद्ध प्राथमिक कलमांत काही ठरलेलं नाही आणि तुमचा तह होईपर्यंत आमच्यात नि इंग्लंडमध्ये तह होणार नाही. दुसरा भाग अक्षरशः खरा आहे. कलमांच्या प्रस्तावनेतच ती अट घातली आहे, म्हणजे १७७८ च्या कराराचा शब्द त्यांनी मोडलेला नाही. काँग्रेसची ताकीद मात्र मोडली, सरळ मोडली.

पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. एवढं मोठं काम, जे राजाच्या कारकिर्दीला इतकं भूषणावह आहे, ते आमच्या एका अविचारानं वाया जाऊ नये. आणि तुम्ही यावरून मदत थांबवलीत तर सगळी इमारत तात्काळ कोसळेल. त्याच्या पाठोपाठ: इंग्रजांना वाटतंय की त्यांनी आपल्यात फूट पाडली आहे, असं मला आत्ताच कळलं. हा लहानसा गैरसमज आपण गुप्त ठेवू या, म्हणजे ते साफ चुकले असं त्यांना दिसेल.

याला मी धमकी म्हणेन. सौजन्यानं दिलेली, पण धमकीच. पैसे थांबवाल तर आम्ही इंग्लंडच्या पदरात पडू, हे एकदाही न लिहिता त्यानं कळवलं. आणि व्हेर्जेनला ते कळलं. ६ लाख लिव्र त्याच 'वॉशिंग्टन' जहाजातून गेले, आणि नवीन ६० लाखांचं कर्जही मिळालं. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: माफी नाही.

दुसऱ्या प्रश्नावर माझं उदयन यांच्याशी जमत नाही. फ्रान्सनं जे दिलं ते मी कमी लेखत नाही. पण सप्टेंबरमधली पत्रं वाचल्याशिवाय नोव्हेंबरचा न्याय करू नये.

ऑगस्ट ते ऑक्टोबर फ्रँकलिन मुतखड्यानं अंथरुणाला खिळला होता, सगळा भार जॉन जे यांच्यावर. ऑस्वाल्डला जुलैच्या शेवटी लंडनहून जे मुखत्यारपत्र आलं त्यात अमेरिकेचा उल्लेख 'वसाहती' असा होता. जे अडून बसले: वसाहत म्हणून मी तुमच्याशी बोलणार नाही, स्वतंत्र राष्ट्र म्हणून लिहून आणा. व्हेर्जेन त्यांना म्हणाला की नावात काय आहे, इंग्लंडचा राजा स्वतःला फ्रान्सचाही राजा म्हणवतो, म्हणून आम्ही त्याच्याशी बोलणं सोडतो का? ऐकायला बिनतोड वाटतं. पण फ्रान्सचं राज्य सर्वमान्य होतं, ते कोणाच्या बिरुदावलीनं हलणारं नव्हतं. अमेरिकेचं नाव तर अजून कागदावर उमटायचं होतं, त्यासाठीच सात वर्षं माणसं मेली होती. जे यांनी हट्ट सोडला नाही. २१ सप्टेंबरला नवं मुखत्यारपत्र निघालं, त्यात अमेरिकेची तेरा संयुक्त संस्थानं, असा स्पष्ट उल्लेख. फ्रँकलिनलासुद्धा हा हट्ट आधी अनाठायी वाटला होता. मला विचाराल तर त्या वर्षातलं सगळ्यात धैर्याचं काम जे यांचं.

त्याच महिन्यातले तीन दिवस बघा. ९ सप्टेंबरला जे यांना कळलं की व्हेर्जेनचा विश्वासू सचिव रेनव्हाल गुपचूप इंग्लंडला गेला आहे. १० तारखेला इंग्रजांच्या बाजूनं त्यांच्या हाती एक पत्र पडलं, फिलाडेल्फियातल्या फ्रेंच वकिलातीतल्या बार्बे-मार्बुआचं, सांकेतिक लिपीतलं, इंग्रजांनी वाटेत पकडून उलगडलेलं. न्यूफाउंडलंडच्या मासेमारीवरचा अमेरिकेचा दावा फ्रान्सनं उचलून धरू नये, असा त्याचा रोख. इंग्रजांनी ते जे यांना प्रेमापोटी दाखवलं नव्हतं हे उघड आहे. पण पत्र बनावट नव्हतं. ११ तारखेला जे यांनी फ्रँकलिनलाही न सांगता बेंजामिन व्हॉन या इंग्रज मित्राला थेट शेलबर्नकडे धाडलं. निरोप असा की आम्हाला फ्रान्सपासून वेगळं काढायचं असेल तर आमच्याशी आत्ताच, नीट, बरोबरीनं बोला. आणि रेनव्हालनं शेलबर्नला खरोखरच सांगितलं होतं की अमेरिकेचे मासेमारीचे दावे आम्हाला मान्य नाहीत.

म्हणजे दोघंही एकमेकांच्या पाठीमागे शत्रूशी बोलत होते. फ्रान्सला स्पेनची मर्जी राखायची होती, स्पेनला जिब्राल्टर हवं होतं, आणि ते मिळेना तर त्याची किंमत मिसिसिपीकाठच्या जमिनीत वळती होणार होती. यात अमेरिकनांनी आपलं बघितलं. ३० ऑक्टोबरच्या सुमाराला फ्रँकलिन जे यांना म्हणाला की मी तुमच्या मताचा आहे, फ्रान्सच्या दरबाराला न विचारता आपण पुढे जाऊ. हे आपल्याला अ‍ॅडम्सच्या रोजनिशीतून कळतं. मला त्या वाक्यानं हायसं वाटलं होतं.

तरीही एक गोष्ट मी फ्रँकलिनला माफ करू शकत नाही. कलमांना जोडून एक गुप्त कलम होतं: तह होईल तेव्हा पश्चिम फ्लोरिडा इंग्लंडकडे असला तर त्याची हद्द आणखी उत्तरेला, याझू नदीच्या मुखाशी धरायची. म्हणजे स्पेनच्या वाट्याला जाईल त्यापेक्षा इंग्लंडला जास्त द्यायचं. स्पेन फ्रान्सचा दोस्त. व्हेर्जेनला कलमं दाखवली त्यात हे नव्हतं. 'फ्रान्सच्या हिताविरुद्ध काही नाही' हे वाक्य लिहिताना तो कागद फ्रँकलिनला आठवत नसेल असं होणारच नाही. मार्च १७८३ मध्ये काँग्रेसचे परराष्ट्र सचिव लिव्हिंग्स्टन यांनी याबद्दल तिघांना खडसावलं. जुलैमध्ये तिघांच्या सहीनं उत्तर गेलं, आणि ते उत्तर निदान सरळ आहे: हद्द, निर्वासित राजनिष्ठ (इंग्लंडच्या बाजूचे अमेरिकन) आणि मासेमारी या बाबतींत आमची कलमं या दरबाराच्या धोरणाशी जुळत नव्हती असं मानायला जागा होती, म्हणून सह्या होईपर्यंत सांगितलं नाही.

आता पत्रांमधून कलमांकडे, कारण दोन्ही एकाच हातांनी घडली. तिसरं कलम वाचा. भर समुद्रातल्या ग्रँड बँक या उथळ भागात मासे धरायचा अमेरिकनांचा 'हक्क' आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत धरायची 'मुभा'. या दोन शब्दांवर २९ नोव्हेंबरला जवळजवळ सगळं मोडत आलं होतं. अ‍ॅडम्स उसळला. सृष्टी घडवताना देवानं कोणाला हक्क दिला असेल तर तो आमचा तुमच्याइतका तरी आहेच, असं म्हणाला. इंग्रजांना दोन्हीकडे 'मुभा' हवी होती. शेवटी एकीकडे हक्क, दुसरीकडे मुभा, असं भागलं. १८१२ च्या युद्धानंतर इंग्लंड म्हणालं की मुभा युद्धाबरोबर संपली. त्या भांडणाचा निकाल हेगच्या लवादानं दिला १९१० मध्ये. एका शब्दाला १२८ वर्षं.

पाचवं कलम तर माझ्या रोजच्या कामातलं. इंग्लंडच्या बाजूनं लढलेल्या अमेरिकनांची जप्त मालमत्ता परत करावी, अशी 'कळकळीची शिफारस' काँग्रेस राज्यांना करील. काँग्रेसला राज्यांवर हुकूम चालवायची सत्ताच नव्हती, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत होतं. मी एकदा एका वृद्ध बाईंच्या अर्जाला उत्तर लिहिलं होतं, 'आपल्या विनंतीची योग्य ती शिफारस करण्यात येत आहे.' त्या ते पत्र घडी घालून जपून ठेवायच्या आणि दर महिन्याला येऊन दाखवायच्या. शिफारस म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. तेव्हापासून हा शब्द लिहिताना माझा हात अडतो. त्या निर्वासितांपैकी बहुतेकांना अमेरिकेकडून काही मिळालं नाही.


रानजाई:

काका, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. 'कर्तव्य' विरुद्ध 'बियांसेआंस' हे माझ्या नजरेतून पूर्ण निसटलं होतं. आता जानेवारीकडे जाता येईल.

उदयन, फ्रान्सची बाजू तुम्ही मांडलीत हे बरं केलंत, मला व्हेर्जेनबद्दल वाईट वाटतच होतं. पण तोच व्हेर्जेन ४ डिसेंबरला रेनव्हालला लिहितो की इंग्रज तह करत नाहीयेत, विकत घेतायत, त्यांनी दिलेल्या सवलती मला शक्य वाटल्या नव्हत्या इतक्या आहेत. म्हणजे रागाच्या पत्राच्या अकरा दिवस आधी तो चकित होता, आणि मला वाटतं त्याला थोडं सुटल्यासारखंही वाटलेलं होतं.

एक शेवटचं विचारते. लॉरेन्स सह्यांच्या आदल्या दिवशी येऊन पोचले आणि सातव्या कलमात त्यांनी एक वाक्य घातलं, त्याबद्दल पत्रांत जवळपास काहीच नाही. मासेमारीवर पानंच्या पानं आणि याच्यावर एक ओळ. असं का?


उदयन_प:

गुप्त कलमाचं मला माहीत नव्हतं. रेनव्हालचं माहीत होतं, ते मी सोयीनं बाजूला ठेवलं होतं, हे मान्य करतो. 'दगा' हा शब्द मी मागे घेत नाही, पण तो आता दोन्हीकडे लावीन.


मसुदाकार:

रानजाई, तुम्ही तिथं येऊन थांबलात याचं मला समाधान वाटलं. बहुतेक जण त्या ओळीवरून पुढे जातात.

सातवं कलम इंग्रज फौजांनी अमेरिकेतून कसं निघून जायचं याबद्दल आहे. लवकरात लवकर, नासधूस न करता. आणि लॉरेन्सनी घातलेले शब्द असे की 'कोणतेही नीग्रो अथवा अमेरिकन रहिवाशांची इतर मालमत्ता' सोबत न नेता. 'अथवा इतर' हे शब्द पाहा. माणसं आधी, आणि मग इतर मालमत्ता. युद्धात इंग्रज सेनापतींनी जाहीरनामे काढले होते की बंडखोरांचे गुलाम आमच्याकडे आले तर त्यांना स्वातंत्र्य देऊ. हजारो आले होते. त्यांना परत मागणारं हे वाक्य.

त्यावर वाद का झाला नाही? टेबलावर समोरासमोर कोण होतं ते बघा. ऑस्वाल्ड हा सिएरा लिओनच्या नदीतल्या बन्स बेटावरच्या गुलामांच्या ठाण्याचा एक मालक. तिथून जहाजं भरून माणसं चार्ल्सटनला जायची आणि तिथं त्यांची विक्री करायचा त्याचा अडत्या हेन्री लॉरेन्स. विक्रीवर दलाली घेऊन. या जुन्या ओळखीवरच ऑस्वाल्डनं लॉरेन्सच्या सुटकेसाठी जामीन भरला होता. दोघांच्या दृष्टीनं मालमत्ता म्हणजे काय याबद्दल मतभेदच नव्हता. हक्क की मुभा यावर रात्री जागवल्या, आणि या ओळीला कोणी हरकतसुद्धा घेतली नाही.

आता मला जे पत्र सगळ्यात जड जातं ते सांगतो. ६ नोव्हेंबर १७८२, अ‍ॅडम्सचं लॉरेन्सना. त्यांना पॅरिसला बोलावणारं आणि त्याच पत्रात त्यांचा मुलगा गेल्याबद्दल सांत्वन करणारं. जॉन लॉरेन्स, वय २७, २७ ऑगस्टला दक्षिण कॅरोलिनात कंबाही नदीकाठच्या एका किरकोळ चकमकीत मारला गेला. युद्ध संपल्यात जमा असताना. अ‍ॅडम्स लिहितो की मला जे वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, देशानं आपला सर्वांत होतकरू माणूस गमावला. हा मुलगा युद्धभर एकाच गोष्टीच्या मागे होता: गुलामांच्या पलटणी उभाराव्यात आणि लढल्याबद्दल त्यांना मुक्त करावं. दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळानं ते पुन्हा पुन्हा फेटाळलं. वडिलांनी त्याला एकेकाळी लिहिलं होतं की मला गुलामगिरीचा तिटकारा आहे. मुलाच्या मृत्यूची बातमी कळून महिनाही झाला नव्हता, तेव्हा वडील पॅरिसला आले आणि त्यांनी ते वाक्य घातलं. मी यावर खूप विचार केला आहे. समजूत पटलेली नाही.

त्या तहात आणखी एक गोष्ट नाही: ज्यांच्या जमिनी मिसिसिपीपर्यंत देऊन टाकल्या त्या मूळ राष्ट्रांचं नाव. मोहॉक, शॉनी, क्रीक, कोणाचंच. इंग्लंडच्या बाजूनं लढलेल्यांचंही नाही. मिचेलच्या १७५५ च्या नकाशावर रेघ ओढली गेली, आणि तो नकाशा इतका चुकीचा की वूड्स सरोवरातून सरळ पश्चिमेला गेलं की मिसिसिपी लागते असं कलमात लिहिलं गेलं. ती लागत नाही. तिचा उगम दक्षिणेला आहे.

सातव्या कलमाचं पुढे काय झालं ते मात्र तुम्ही मे १७८३ च्या पत्रांत वाचालच. ६ मे रोजी टॅपान इथं वॉशिंग्टन आणि न्यू यॉर्कमधला इंग्रज सरसेनापती गाय कार्लटन भेटले. वॉशिंग्टननं कलम पुढे केलं. कार्लटन म्हणाला की आधी दिलेलं वचन मोडून या लोकांना परत द्यायचं, असा अर्थ मी त्या कलमाचा लावू शकत नाही. कलम झालं त्या आधीच ते मुक्त होते, म्हणून ते कोणाची मालमत्ता नव्हते. १२ मे च्या पत्रात त्यानं तेच लेखी दिलं. शब्दांचा खेळ म्हणाल तर हाही खेळच, पण मला तो त्या सबंध पत्रव्यवहारातला सगळ्यात मोलाचा वाटतो. मालकांना पुढे भरपाई मागायची असेल तर नोंद असावी म्हणून त्यानं जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाची वही करायला लावली. नाव, वय, वर्णन, आधीचा मालक, केव्हा निघून आला. तीन हजार नावं आहेत.

पत्रं संपली की ती वही वाचा. त्यात हॅरी वॉशिंग्टन आहे, वय ४३, आधीचा मालक जनरल वॉशिंग्टन, सात वर्षांपूर्वी सोडून आला. डेबोरा आहे, वय २०, तीही वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरचीच. हॅरी नोव्हा स्कोशियाला गेला आणि १७९२ मध्ये तिथून जहाजानं सिएरा लिओनला, नव्या फ्रीटाऊन वसाहतीत. ऑस्वाल्डच्या घराण्याचं ते ठाणं त्याच नदीत, फ्रीटाऊनहून थोडं वर होतं आणि तेव्हाही तिथून माणसं विकली जात होती.